विस्तवाला काय चालतं?

आग लावायला अक्कल लागत नाही, याचे पुरावे प्रत्येकाच्या नात्यात दोन-चार तरी असतात. पण लावलेली आग आखून दिलेल्या हद्दीत, कुणाच्या पायाला चटका न लावता, रात्रभर गुण्यागोविंदाने ठेवायची म्हटली की भल्याभल्यांचं घोडं अडतं. पूर्वी हा प्रश्न घरगुती नव्हता. होळी चौकात पेटायची, शेकोटी मैदानात. खालची जमीन सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. आता पुण्याच्या मध्यमवर्गाने मुळशी, पानशेत, भोर अशा दिशा धरून गुंठ्यागुंठ्याने जमिनी घेतल्या, तिथे टुमदार घरं बांधली, घरामागे हिरवळ लावली आणि त्या हिरवळीच्या मधोमध एक खड्डा खणला. या खड्ड्याला फायर पिट म्हणतात. थंडीत त्याच्याभोवती खुर्च्या मांडायच्या, मध्ये लाकडं पेटवायची आणि धूर ज्याच्या तोंडावर येईल त्याने उठून दुसरीकडे बसायचं, असा तो कार्यक्रम असतो.

हुरड्याच्या दिवसांत शेतावर जी आगटी करतात, तिला यातलं काहीच लागत नाही. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात ज्वारीची कणसं. मोसम संपला की वर माती लोटायची आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे खणायचं. आगटी हंगामी असते. फायर पिट ही स्थावर मालमत्ता आहे. आणि स्थावर म्हटलं की बांधकाम आलं, बांधकामाला आतून अस्तर आलं, आणि अस्तर कशाचं घालायचं यावर नातेवाइकांची मतं आली.

आमच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, मुळशी तालुक्यात असं एक घर बांधलं. घर बांधून झाल्यावर माणसाकडे दोन गोष्टी उरतात: कर्ज आणि माल. कर्जाकडे बँक लक्ष ठेवते. मालाकडे कुणी लक्ष देत नाही. तो घरामागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, ताडपत्रीखाली निवांत पडून असतो. भाऊजींच्या ताडपत्रीखाली अर्ध्या-पाऊण शहाबादी फरशा होत्या, कोटाच्या पायऱ्यांचे काप होते, कडप्प्याचे लांबट तुकडे होते, गेटपाशी लावून उरलेले पेव्हर ब्लॉक होते, आणि एक ग्रॅनाइटची चौकट होती. चौकट म्हणजे सिंक बसवण्यासाठी ओट्याला जे भोक पाडतात, त्या भोकातला दगड. हा तुकडा प्रत्येक घरात असतो. चारही कोपरे गोल, पाठीवर कारागिराने पेन्सिलने लिहिलेलं माप, आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. काही ठिकाणी तो कुंडीखाली जातो, काही ठिकाणी त्याच्यावर पोळ्या लाटतात. पण फेकलेला मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे उरलेलं फेकत नाहीत, ‘असू दे’ म्हणतात.

त्यामुळे खड्डा खणून झाल्यावर भाऊजींपुढे प्रश्न पडला तो आगीला काय टिकतं, हा नव्हताच. यातलं काय काय खपवता येईल, हा होता. माझा सल्ला घेतला गेला, कारण मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. घरात रसायनशास्त्राचा मास्तर असला की त्याला एरवी दोनच प्रश्न विचारतात: डाग कशाने जाईल, आणि तारीख उलटून गेलेलं हे खाल्लं तर चालेल का. खड्ड्याच्या निमित्ताने प्रथमच कुणी अभ्यासक्रमातलं विचारलं.

“मास्तर, शहाबादी घालतो,” भाऊजी म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

शहाबादी, कोटा आणि कडप्पा ही मराठी घरातली तीन मोठी नावं. पडवीत शहाबादी, जिन्याला कोटा, ओट्याला कडप्पा. पहिली कर्नाटकातली, दुसरा राजस्थानचा, तिसरा आंध्राचा. वर्णाने करडी, हिरवट आणि काळा. पण कूळ काढायला गेलं तर तिघंही चुनखडकाचे निघतात. चुनखडकाला उन्हाचं काही वाटत नाही, सांडलेल्या चहाचंही नाही, पण निखाऱ्याचं वाटतं. लाकडाच्या बऱ्यापैकी पेटलेल्या आगीत निखाऱ्यांपाशी 600 पासून 1000 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जातं. शहाबादी मुळात थराथरांची. एक तोंड लाल होईस्तोवर तापतं आणि पाठ मातीत गार राहते, तेव्हा हे थर एकमेकांना सोडून टणाटण उडायला लागतात. त्याच्याही पुढे, साधारण साडेआठशे-नऊशे अंशांच्या घरात, दगडातला कार्बन डाय ऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो तो कळीचा चुना. चुन्याच्या भट्टीत हेच मुद्दाम करतात. तिथे त्याचे पैसे मिळतात. खड्ड्यात तो पावसाच्या पहिल्या सरीला फसफसून विरतो, आणि आपल्याच अंगणातल्या दगडाने आपल्याला चुना लावला, एवढंच समाधान हाती राहतं.

“पण ओट्यावर आपण गरम कढई ठेवतोच की,” ताई म्हणाली. ठेवतो. पण तळणीची कढई दोनशे अंशांच्या आसपास असते, आणि तीही आपण फडक्याने धरून हळूच टेकवतो. निखारा कडप्प्यावर रात्रभर मुक्कामाला असतो.

ग्रॅनाइटच्या चौकटीला मात्र भाऊजी सहजी सोडायला तयार नव्हते. तो महागाचा दगड, आणि इतकी वर्षं जपलेला. खड्ड्याच्या तळाला मधोमध तो काय शोभला असता! ग्रॅनाइटमध्ये गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. या क्वार्ट्झची एक खोड आहे. 573 अंशांना त्याच्या आतल्या अणूंची मांडणी बदलते आणि तो एकदम फुगतो. शेजारचे फेल्डस्पारचे कण असं काही करत नाहीत. एकाच घरात एकाने अचानक अंग पसरलं की भिंतींना तडे जातातच. वर पॉलिश केलेल्या लादीत बारीक भेगा बुजवायला रेझिन भरलेलं असतं, ते जळून वास मारतं तो वेगळा. चौकट परत ताडपत्रीखाली गेली. तिला त्याची सवय होती.

खरी लढाई काळ्या दगडावर झाली. तिथे मी एकटा होतो आणि समोर सगळा सह्याद्री होता.

गवंडी म्हणाला, काळा दगड घाला, पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाही. भाऊजींना त्यात एक अभिजात युक्तिवाद सापडला. “अहो मास्तर, हा दगड म्हणजे लाव्हा. अकराशे-बाराशे अंशांवर हा पातळ होऊन वाहत होता. आगीच्या पोटी जन्मलेल्याला आग काय करणार?” यावर जमलेल्या मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. युक्तिवाद जोरदार होता. दख्खनचा बेसाल्ट लाव्हाचाच आहे, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा. पण जन्म कुठे झाला याला जेवढं महत्त्व, तेवढंच पुढचं आयुष्य कुठे गेलं यालाही असतं, आणि या दगडाचं पुढचं सगळं आयुष्य पाण्यात गेलंय. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांतून युगानुयुगं पाणी झिरपलं आणि तिथे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक तयार झाले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते काचेमागे ठेवलेले आहेत, आणि वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट पाहायला मिळावा म्हणून जगभरचे संग्राहक जीव टाकतात. यातल्या पुष्कळशा स्फटिकांना झिओलाइट म्हणतात, आणि झिओलाइटच्या जाळीत पाणी बसलेलं असतं. 1756 मध्ये क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक खडा फुंकणीच्या ज्योतीत धरला तर तो उकळल्यासारखा फेसाळला. त्याने त्यावर शास्त्रीय निबंध लिहिला. आपल्याकडे तो खडा शेकोटीत गेला की आपण ‘अरे बापरे’ म्हणून मागे सरकतो.

विहिरी खणणारे लोक या सच्छिद्र खडकाला मांजऱ्या म्हणतात आणि तो लागला की खूश होतात, कारण त्याला पाणी असतं. घट्ट, बुडबुड्यांविना असलेला काळा पाषाण लागला की तोंडं पडतात. खड्ड्याच्या अस्तराला नेमका उलटा हिशेब: विहीरवाल्याला जो आवडतो तो आपल्याला नको. मी हे सांगितल्यावर गवंडी पहिल्यांदा माझ्याशी सहमत झाला, फक्त तो म्हणाला की ट्रॅक्टरमधून जो दगड येईल त्यात दोन्ही असणार, आणि आपण निवडत बसलो तर ट्रॅक्टरवाला थांबणार नाही.

यात सगळ्यात देखणे आणि सगळ्यात घातकी म्हणजे नदीतले गोटे. गुळगुळीत, काळेभोर, हातात घेतले की ठेवू नयेत असे. मुळेच्या पात्रातून असे गोटे आणून खड्ड्याभोवती रचायचे, हा सगळ्यांच्या मनातला फोटो. गोटा वर्षानुवर्षं पाण्यात पडून असतो, बारीक भेगांतून पाणी आत मुरलेलं असतं, आणि बाहेर पडायला वाट मात्र अरुंद. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1700 पट जागा लागते. आतमध्ये ती नसते. मग वाफ स्वतःच जागा करते, आणि त्या कामात गोट्याचे जे तुकडे होतात ते शेकायला बसलेल्यांच्या नडग्यांच्या उंचीवरून जातात. गोट्यांचं सगळं शास्त्र मला इथे एका वाक्यात सांगता येतं: गोटा आगीने फारसा फुटत नाही, पोटातल्या पाण्याने फुटतो. हे मी त्या दिवशी सांगितलं तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, हे आधी सांगितलं असतंस तर अर्धा तास वाचला असता.” मास्तरांचं आयुष्य असंच जातं.

पेव्हर ब्लॉकवर मी फार वेळ घालवला नाही. सिमेंट घट्ट होतं तेच पाणी पोटात बांधून. ते पाणी तापल्यावर सुटायला लागतं, आणि चारशेच्या पुढे सिमेंटचा सांधाच भुसभुशीत होतो. गंमत म्हणजे काँक्रीट जितकं भारी, जितकं दाट, तितकी वाफेला वाट कमी. म्हणून गचाळ ब्लॉक नुसता कुरकुरतो आणि उत्तम ब्लॉक फटाक्यासारखा उडतो. ही एकच जागा आहे जिथे कंत्राटदाराने माल कमी घातला असता तर फायदा झाला असता. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचंही कुणीतरी नाव काढलं. त्यात ॲस्बेस्टॉस असतो, तो आगीत फुटतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, एवढं सांगून तो विषय मी आवाज चढवून बंद केला.

दगड संपल्यावर धातूंची पाळी आली. शेजारच्या प्लॉटवर एक निवृत्त कर्नलसाहेब राहतात. त्यांनी कुंपणावरूनच उपाय सांगितला: “पत्र्याची कोठी घ्या, बूड कापा, रिंग तयार. पाच मिनिटांचं काम.” ही कोठी भाऊजींच्या आईंची. एके काळी तिच्यात वर्षाचे गहू राहायचे, एरंडेल चोळून, कडुलिंबाचा पाला घालून. आता गहू दर महिन्याला पिशवीतून येतो आणि कोठी माळ्यावर. चकचकीत, चंदेरी, अजिबात न गंजलेली. न गंजण्याचं कारण तिच्यावरचं जस्त, आणि तेच नको आहे. जस्त 419 अंशांना वितळतं. पत्रा लाल होईपर्यंत तापला की जस्ताचा पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडणाऱ्या वेल्डरांना हा ताप ओळखीचा आहे. त्यावर दूध प्यावं असा त्यांच्यात जुना समज आहे. कर्नलसाहेब म्हणाले, “मग दूध प्या की!” लष्कराचे उपाय असे सरळ असतात.

साध्या लोखंडाची, जस्त न चढवलेली जाड रिंग मात्र चालते. पाच-सहा मिलिमीटर जाडीची एमएसची पट्टी फॅब्रिकेटरकडून वळवून आणली की ती गंजते, खपल्या टाकते, वाकडीही होते, पण विष ओकत नाही आणि फुटून अंगावर येत नाही. आणि एक वस्तू तर याहून चांगली चालते, जी सुचवल्याबद्दल मी भाच्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले: जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम. स्टेनलेस स्टीलचा, सगळीकडून भोकं, म्हणजे हवा खेळते, राख गळते, पावसाचं पाणी थांबत नाही. प्लॅस्टिकची कडी आणि रबर तेवढं काढून टाकायचं. तापल्यावर त्याच्यावर सोनेरी-निळी झाक येते ती तर दागिन्यासारखी. शास्त्रीय निकषांवर सगळ्या उरल्यासुरल्या मालात एकटा तोच उत्तीर्ण झाला. ताईने नकार दिला. “माझ्याकडे पाहुणे आले की ते वॉशिंग मशीनभोवती बसणार का?” यावर रसायनशास्त्रात उत्तर नाही.

मग भाऊजींनी जे सुचवलं ते त्यांनी आईंसमोर सुचवायला नको होतं. माळ्यावर कोठीच्या शेजारी पाटा-वरवंटा होता आणि जात्याची खालची तळीही होती. “तुझ्या शास्त्राप्रमाणे घट्ट काळा पाषाण चालतो ना? मग पाट्याहून घट्ट पाषाण मला दाखव.” मुद्दा बिनतोड होता. पाथरवट पाट्यासाठी दगड निवडताना भेग असलेला, भोकं असलेला घेतच नाही. टाकीच्या घावाला मांजऱ्या टिकणार नाही. शिवाय हा दगड साठ-सत्तर वर्षं घरात, कोरड्यात. म्हणजे महाराष्ट्रातल्या घराघरांत निवडून, टाकी लावून, वाळवून ठेवलेलं उत्तम अग्निरोधक अस्तर पडून आहे. आईंनी जपमाळ खाली ठेवली. “त्या पाट्यावर तुझी पाचवी पुजलीय,” त्या भाऊजींना म्हणाल्या, “आणि तुझ्या मुलांचीही. त्याच्यात आता लाकडं जाळ.” भाऊजी पन्नाशी उलटलेले गृहस्थ आहेत, एका कारखान्याचे उपव्यवस्थापक होते. ते काही न बोलता कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

घराची देखभाल करणाऱ्या मावशींनी हे सगळं ओसरीच्या पायरीवर बसून ऐकलं होतं. त्यांच्या चुलीची मला आधीपासून असूया आहे. वारुळाची माती, त्यात भाताचं तूस, शेण, थोडी राख. तुडवून, वळून, सावलीत वाळवून. तूस पहिल्या जाळात जळून जातं आणि मातीत बारीक पोकळ्या राहतात. तापताना-गार होताना माती त्या पोकळ्यांत पसरते-आकसते आणि तडकत नाही. कुंभार मातीत लीद मिसळतो तेही याचसाठी. उद्योगातले इंजिनीअर ज्याला मोठ्या नावाने ओळखतात ते मावशी पायाने तुडवून करतात. असं सगळं मी उत्साहाने सांगत होतो. मावशी म्हणाल्या, “चूल घरात असती दादा. बाहीर लिंपलं तर आखाडात वाहून जाईल. मग दर दिवाळीला लिंपायचं. तुम्ही येताय कितीदा?” ताम्हिणीच्या बाजूला पावसाची मोजदाद हजारो मिलिमीटरमध्ये होते. मावशींचा मुद्दा असा होता की लिंपायचं काम शेवटी त्यांच्याच गळ्यात पडणार, आणि त्या बाबतीत त्या अगदी स्पष्ट होत्या.

राहिली भट्टीची वीट. जिला फायर ब्रिक म्हणतात, पिवळसर, जड, 230 बाय 115 बाय 75 मिलिमीटरची. फायर क्ले नावाच्या मातीची, एवढ्या आचेवर भाजलेली की आपली शेकोटी तिला कोमट वाटावी. 1400 अंशांनाही ती वितळत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांच्या भट्ट्या, साखर कारखान्यांचे बॉयलर याच विटांनी आतून बांधलेले असतात. भारतीय मानकांची यादी पाहिली तर पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा आहे, आणि सहाव्या व आठव्या क्रमांकावर या भट्टीच्या विटा आहेत. म्हणजे नव्या देशाला झेंड्यानंतर लगेच काय लागणार, याचा विचार कुणीतरी अगदी सुरुवातीला केला होता. आपल्या नेहमीच्या लाल विटा बाहेरच्या भिंतीला ठीक. त्या वीटभट्टीत एकदा आग पाहून आलेल्या असतात, त्यामुळे एकदम दगा देत नाहीत. पण आतल्या बाजूला रोजची धग बसली की हळूहळू पोपडे टाकतात.

“म्हणजे खड्ड्यासाठी विटा विकत आणायच्या?” भाऊजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात जे दुःख होतं ते पैशाचं नव्हतं. ताडपत्रीखाली एवढा माल असताना बाजारात जायचं, हा मालाचा अपमान होता. त्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून भंगारवाल्याकडे चौकशी केली. तिथे फायर ब्रिकचा ढीगच निघाला, कुठल्याशा मोडलेल्या भट्टीतला, अर्ध्या किमतीत. मला पुन्हा खलनायक व्हावं लागलं. जुन्या भट्टीतली वीट कुठल्या भट्टीतली, हे कळल्याशिवाय अंगणात आणू नये. काही भट्ट्यांत क्रोमियम असलेल्या विटा वापरतात, आणि वापरता वापरता त्यातला काही क्रोमियम सहासंयुजी, म्हणजे विषारी, रूपात जातो. तो पाण्यात विरघळतो. मुळशीत पाणी मुबलक. शिवाय वितळलेल्या धातूची, काचेची, कशाकशाची पुटं चढलेली. भाऊजींनी एक वीट वळून पाहिली. एका बाजूला हिरवट काच चढली होती. “दिसते छान,” ते म्हणाले, आणि खाली ठेवली.

नव्या विटा आल्या. त्या बसवताना गवंड्याशी माझा एकच वाद झाला, मसाल्यावरून. त्याने सवयीने सिमेंट कालवायला घेतलं. सिमेंट काय करतं ते वर सांगितलंय. फायर क्लेचा गारा वापरावा, तर तो आगीत भाजेपर्यंत मातीच असतो, आणि भाजण्याआधी पाऊस आला तर निघून जातो. शेवटी विटा सुक्या, एकमेकींना घट्ट टेकवून, मसाल्याशिवाय रचल्या. आतला व्यास साधारण तीन फूट, खोली फूटभर. विटांच्या मागे आणि बाहेरच्या दगडी कठड्याच्या मधे दोन बोटं जागा सोडून त्यात कोरडी वाळू. वीट तापून फुगली तर वाळू सरकते, कठड्याला धक्का लागत नाही. खाली खडीचा थर, त्यातून एक पाइप उताराकडे काढलेला, नाहीतर आषाढात तिथे बेडकांची सोय होते. त्या कठड्याला बाहेरून गवंड्याने त्याचा काळा दगड मन भरून लावला, आणि वर बसायला शहाबादी. तिथे धग पोचत नाही, तिथे सगळे दगड निरुपद्रवी असतात. भाऊजींचा माल निम्मा तरी संपला. घरापासून पंधरा फूट, वर आंब्याची फांदी नाही, आणि हिरवळीच्या पलीकडचं वाळलेलं गवत मावशींनी कापून टाकलं, कारण डोंगरावरचे वणवे असल्याच एखाद्या हौसेतून सुरू होतात.

आता आत काय जाळायचं, हा स्वतंत्र निबंध आहे, आणि तिथेही मूळ रोग तोच. ताडपत्रीखाली प्लायवूडचे काप होतेच, सनमायकासकट. प्लायच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. कुणाच्या तरी वाड्याचा जुना दरवाजा होता, तेलरंगाचे आठ थर चढलेला. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून, आणि दरवाजा पेशवाईतला नसला तरी त्याच्या बराच आधीचा. सरळ बाभळीचं सरपण विकत घ्या म्हटल्यावर भाऊजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्याबद्दल मी लिहीत नाही.

पहिल्याच रात्री होळी करायची नाही, हेही मीच सांगितलं. विटा कितीही चांगल्या असोत, बांधकामात पाणी मुरलेलं असतं. आधी दोन-तीन संध्याकाळी काटक्यांचा छोटा जाळ, मग थोडा मोठा. दर पावसाळ्यानंतर तेच पुन्हा. पाहुणे आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मधोमध चार काड्या जळत होत्या. कर्नलसाहेबांनी त्याच्यावर हात धरून पाहिले आणि स्वेटर घालून आले.

मे महिन्यात ढग दिसायला लागल्यावर झाकणाचा विषय निघाला. खड्डा चार महिने उघडा ठेवला तर पाइप असला तरी विटा भिजणार, आणि भिजलेल्या विटेचं काय होतं हे आता घरात सगळ्यांना पाठ झालेलं. झाकण कशाचं, यावर मी बोलायच्या आतच भाऊजी माळ्यावरून कोठी घेऊन आले. बूड कापलं, कडा ठोकून आत वळवल्या, मधे एक कडी बसवली. जस्ताला थंड खड्ड्यावर पाऊस झेलायला काहीच हरकत नाही. तो त्याचा धंदाच आहे. फक्त राख पुरती निवली पाहिजे, कारण राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो, आणि आदल्या रात्रीच्या उत्साहात कुणी झाकण तसंच ठेवून वर पुन्हा पेटवलं तर कर्नलसाहेबांना दूध प्यावं लागेल. म्हणून ताईने झाकणावर लाल ऑइलपेंटने लिहून ठेवलं आहे: ‘पेटवण्यापूर्वी झाकण काढावे. हे लिहावे लागते.’